कॅप्सूलचं टरफल

माझी माय कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. "हाव बाप्पा, करते ना," म्हणते आणि मग आपल्याच मनाचं करते. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, ही म्हण कुणीतरी आमच्या गोजरबाईला बघूनच काढली असावी. बाबांची तऱ्हा वेगळी. निवृत्ती म्हणजे गरीब गाय, असं गाव म्हणतं. पण मायनं एखादी गोष्ट मनात आणली की हा माणूस एक शब्द न बोलता उठतो आणि ती तडीस नेतो. तिनं म्हणावं, चूल इकडे नको तिकडे, की यांच्या हातात कुदळ आलीच. अशा दोघांच्या मधे बोलायला जाणाऱ्याचं डोकं फुटतं. ते डोकं बहुतेक वेळा माझं असतं, कारण मी त्यांची एकुलती एक.

लग्न करून मी उंद्रीला आले. तिथं ब्लाउज शिवते, आणि शिवता शिवता फोन कानाला लावून माहेरचा संसार चालवते. माहेर धाडच्या पलीकडचं एक लहान गाव. वावरात मिरची, वांगी, थोडी मेथी-कोथिंबीर. धाडच्या बाजारात दोघं मिळून दुकान मांडतात. माय तोलते, बाबा पिशवीत भरतात आणि वरून चार मिरच्या जास्तीच्या टाकतात. त्या चार मिरच्यांवरून दर बाजारी भांडण.

मायचे गुडघे गेले, तेव्हापासून या गोष्टीची सुरुवात. बसलं की उठवत नाही, उठलं की बसवत नाही. मेडिकलमधून कुणी तरी सांगितलेली दुखण्याची गोळी आणायची आणि चहाबरोबर घ्यायची. उतार पडायचा, म्हणून आणखी एक. असं बरेच महिने चाललं आणि मग तिच्या छातीत जळायला लागलं. आंबट पाणी घशाशी यायचं. रात्री आडवं झोपता येईना, भिंतीला टेकून बसून झोपायची. मिरचीवाल्याच्या बायकोला जळजळ, हे गावाला चेष्टेला बरं सापडलं. "काय वं गोजरबाई, माल विकते का खाते?" असं बाजारात बायका विचारायच्या आणि माय पण हसायची. नंतर नंतर पोटात असं दुखायला लागलं की हसणं बंद झालं.

मी आणि माझे मिस्टर शेखर तिला बुलढाण्याला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी दुर्बीण टाकून पाहिलं आणि सांगितलं, जठरात जखम आहे. गुडघ्याच्या गोळ्या आजपासून बंद. त्यांनी कॅप्सूल लिहून दिली. रोज सकाळी उपाशीपोटी एक, मग अर्ध्या तासानं खाणं. डॉक्टर चांगले बोलके होते. म्हणाले, "मावशी, पोटात अन्न पचवायला आम्ल असतं. जखमेवर रोज तेच आम्ल पडलं तर जखम भरणार कशी? ही कॅप्सूल आम्ल कमी करते, म्हणजे जखमेला सवड मिळते. दोन महिने खाडा करायचा नाही, आणि तोवर मिरची बंद."

"हाव बाप्पा, करते ना," माय म्हणाली.

मी त्याच वेळी बाबांना बाजूला घेतलं आणि बजावलं की कॅप्सूल तिच्या हातात द्यायचीच नाही, तुम्ही स्वतः द्यायची. बाबांनी मान हलवली. त्यांनी मान हलवली की काम झालं समजायचं.

आणि खरंच गुण आला. पंधरा-वीस दिवसांत मायचा फोन, तोही स्वतःहून. "पुष्पे, काल म्या आडवी झोपली वं. बसून नाही, आडवी!" तिच्या आवाजात असा आनंद, की जणू कुणी तिला नवं लुगडं घेतलं. मी त्या दिवशी शिवणयंत्रावर बसून एकटीच हसत होते.

मग सगळं फिरलं.

आधी नुसतं आंबट पाणी परत यायला लागलं. मग जळजळ, मग ते दुखणं, आधीपेक्षा जास्त. माय परत भिंतीला टेकून बसायला लागली. मी फोनवर विचारायचे, "कॅप्सूल घेते ना?" "हाव, घेते." "बाबा देतात ना?" "हाव, ह्याईच्याच हातानं घेते." "मिरची?" "नाही वं माय, तोंडाले नाही लावली." माझा विश्वास बसेना. जन्मभर ठेच्याशिवाय जिच्या घशाखाली भाकर उतरली नाही, ती मिरची सोडते? ते पण मिरचीच्या वावरात राहून?

एका रविवारी मी न सांगता गेले. सरळ स्वयंपाकघरात शिरले, डबे उघडले, खलबत्ता उचलून नाकाला लावला. खलाला मिरचीचा वास नव्हता. तुपाचा होता. मला त्यातून काही उमजलं नाही. परड्यात गेले, चुलीमागे पाहिलं, फडताळ उपसलं. माय दारात उभी राहून बघत होती. तिचे गाल बसले होते आणि लुगड्याच्या निऱ्या सैल झाल्या होत्या.

"काय शोधून राह्यली वं?"

"ठेचा कुठी लपवला ते सांग!"

"मी कायले लपवू? माह्याच घरात मी चोर हावो का?"

मी ओरडले. तिथंच, शेजारणींना ऐकू जाईल असं. की जीव नको झाला असेल तर तसं सांग, आम्हाला कशाला नाचवतेस. बाबा वावरातून आले, त्यांनी सगळं ऐकलं होतं. हात न धुताच माझ्यासमोर उभे राहिले.

"पुष्पा, मी शपथ घेऊन सांगतो. मिरची बंद हाये. अन् औषध मी देतो, रोज, माह्या हातानं. एक दिस चुकलं नाही."

माझे वडील खोटं बोलत नाहीत. चार मिरच्या जास्तीच्या टाकल्या तरी मायला सांगून टाकतात. मग चुकतंय कुठं? साप साप म्हणून मी भुई धोपटत होते आणि सापाचा पत्ता नव्हता.

आम्ही परत बुलढाण्याला गेलो. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, मायनं दात आवळले. त्यांनी विचारलं, औषध घेताय का? बाबा म्हणाले, हाव साहेब. गुडघ्याच्या गोळ्या? बंद, साहेब. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेचा अर्थ मला कळला. खेड्यातली माणसं, असंच सांगतात. मला राग आला, आणि राग कुणावर काढायचा ते समजेना, कारण मी स्वतः तसंच समजत होते.

"ठीक आहे," ते म्हणाले, "मग आपण दुप्पट करू. एक सकाळी, एक संध्याकाळी, दोन्ही खाण्याच्या आधी. फरक पडला नाही तर परत दुर्बीण टाकावी लागेल."

बाहेर आल्यावर माय बाकावर बसली. म्हणाली, "माह्या आंगाले औषधच लागत नाही वं. काय करू मी?" तिनं हे असं विचारलं, जसं मला उत्तर ठाऊकच आहे. मी म्हणाले लागेल, लागेल. दुसरं काय म्हणणार होते?

दुप्पट औषधानं काही झालं नाही. बायका येऊन उपाय सांगून जायच्या. कुणी थंड दूध सांगितलं, कुणी बडीशेप, कुणी म्हणालं नजर आहे. माय सगळ्यांना हाव म्हणायची. पहिल्यांदाच असं झालं, की तिला कुणाचंच काही करायची ताकद नव्हती. मला रोज वाटायचं की कुणीतरी यावं, माझ्यापेक्षा हुशार, आणि म्हणावं, हे बघ, हे इथं चुकतंय. आलं नाही कोणी.

आणि मग धाडच्या बाजारात ती कोसळली. तागडीत वांगी होती. गिऱ्हाईक समोर. तिनं नुसतं "आवं" म्हटलं आणि मिरचीच्या ढिगावर आडवी झाली. तोंडातून रक्त आलं, काळपट, गुठळ्या असलेलं. बाबांनी तिला उचललं. सत्तरीचा माणूस, कुणाला हात लावू देईना. तसंच उचलून जीपपर्यंत नेली. बाजारातल्या माणसांनी जीप रिकामी करून दिली आणि तिथूनच थेट बुलढाणा. दुकान तसंच पडून राहिलं, नंतर बायकांनीच आवरलं. मला फोन आला तेव्हा माझ्या मशीनमध्ये कुणाची तरी बाही होती. ती अर्धवट बाही मी पुढं कित्येक दिवस तशीच ठेवली.

दवाखान्यात रक्ताच्या बाटल्या चढल्या. दुर्बिणीतूनच डॉक्टरांनी जखमेचं रक्त थांबवलं. बाहेर येऊन म्हणाले, "जखम आधीपेक्षा मोठी आहे. खरं सांगू? ज्या माणसानं एक दिवसही औषध घेतलं नाही, त्याची जखम अशी असते." बाबा हात जोडून उभे होते. जोडलेले हात सुटेनात. "साहेब, रोज देल्लं," एवढंच म्हणत राहिले. डॉक्टर पुढं निघून गेले. मी बाबांच्या पाठीवर हात ठेवला, पण खरं सांगते, माझ्या मनात संशय होताच.

नळीतून औषध सुरू झालं आणि माय सुधारली. तेच औषध, डॉक्टर म्हणाले, फक्त शिरेतून. दोन-तीन दिवसांत तिच्या तोंडावर रंग आला, जळजळ थांबली, पातळ खिचडी पोटात राहिली. घरी लागत नव्हतं ते इथं लागायला लागलं. याचा अर्थ मी माझ्या परीनं लावला: इथं सिस्टर देते, घरी बाबा द्यायचे. म्हणजे बाबा विसरत असतील. म्हातारपण आलं, विसरत असतील, आणि दिल्यासारखं वाटत असेल. मला त्यांची दया यायला लागली. राग परवडला असता.

मग एका सकाळी सिस्टर म्हणाली की आता सलाइन बंद, पोटातून औषध सुरू, आणि बाबांच्या हातात कॅप्सूल देऊन गेली. म्हणाली, दहा मिनिटांनी राउंड आहे, त्याच्या आत द्या.

बाबा खिडकीजवळ गेले. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी रुमाल अंथरला, त्यावर स्टीलची झाकणी ठेवली. कॅप्सूल दोन बोटांत धरली, हलकेच पिळली आणि तिचे दोन भाग केले. आतले बारीक पांढरे दाणे झाकणीत पडले. रिकामं कवच त्यांनी रुमालाच्या कोपऱ्यात बांधलं. मग गिलासाच्या बुडानं ते दाणे रगडायला सुरुवात केली. घाई नाही, गडबड नाही. दाणा राहिला की बोटानं ओढून परत बुडाखाली घ्यायचे. पिठी मऊ झाल्यावर पिशवीतून त्यांनी तुपाची लहान डबी काढली.

मी बघतच राहिले. "बाबा, हे काय?"

"औषध," ते म्हणाले. जसं भाकर म्हणावं तसं.

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी झाकणी पाहिली, गिलासाचं बूड पाहिलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. "काका, हे तुम्ही घरी पण करायचे?"

"हाव साहेब." बाबांना वाटलं, शाबासकी मिळतेय. ते हळूहळू सगळं सांगायला लागले, आणि आम्हाला कुणालाच जे ठाऊक नव्हतं ते मला तेव्हा कळलं.

आम्ही महानुभाव पंथाचे, आमच्यात मांसाहार वर्ज्य. माय-बाबांनी उपदेश घेतलेला. पंथाच्या ठाण्याला, जाळीच्या देवाला, पौर्णिमेची वारी चुकवत नाहीत. अंडं तर सोडाच, अंड्याचा केक कापला त्या सुरीनं आमच्याकडे फळ चिरत नाहीत. तर त्या पहिल्या बऱ्या दिवसांत माझा चुलतभाऊ प्रेमानंद घरी आला होता. त्याला मोबाइल पोथीसारखा वाचून दाखवायची हौस. त्यानं वाचलं, कॅप्सूलचं वरचं कवच जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात. माय ऐकून उठली, चुळा भरल्या, आणि त्या दिवशी जेवली नाही. हे मी हसण्यावारी नेत नाही, आणि कुणी नेलं तर मी त्याच्याशी भांडेन. जन्मभर वर्ज्य मानलेली गोष्ट तिनं न कळता रोज गिळली होती.

दुसऱ्या दिवशी ती औषध घेईना. तेव्हा बाबांनी तोड काढली. "शेंगाचं टरफल कोन खाते? दाने खाचे," ते म्हणाले, आणि कॅप्सूल उघडून नुसते दाणे तिला दिले. ते दाणे तिच्या कवळीखाली अडकायचे, टोचायचे, कडू लागायचे. मग बाबांनी ते खलात कुटले, तूप-साखरेत कालवले आणि चाटण केलं. रोज सकाळी, सूर्य निघायच्या आधी. दुप्पट सांगितल्यावर दोन वेळा.

"आमाले काय सांगाचं राह्यलं त्याच्यात?" बाबा म्हणाले. "औषध तं सगळंच पोटात जात होतं साहेब. टरफलाचं सांगतलं असतं तं तुमी म्हनले असते, औषधात कायचा धरम आनता. म्हनून नाही सांगतलं."

डॉक्टरांनी बाबांचा दंड धरला आणि त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं. मीही गेले. माय खाटेवर डोळे मिटून पडली होती.

"काका," डॉक्टर म्हणाले, "कवच काढलंत, त्यानं काही बिघडलं नसतं. नुसते दाणे न चावता गिळले असते तरी चाललं असतं. पण ते दाणे कुटायचे नसतात. एकेका दाण्यावर लेप असतो. हे औषध पोटातल्या आम्लात टिकत नाही, तिथंच खराब होतं. लेप असतो म्हणून ते तिथून सुखरूप पुढं आतड्यात जातं, तिथं सुटतं, आणि मग काम करतं. तुम्ही कुटलं, लेप मोडला. औषध जठरात पडलं आणि तिथंच बहुतेक संपलं."

बाबांना हे एकदम कळलं नाही. "पन दोन-दोन कुटत होतो ना साहेब."

"दहा कुटली असती तरी तेच."

मला वाटलं बाबा खाली बसतील. ते बसले नाहीत. भिंतीकडे बघत उभे राहिले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते हे. फक्त इथं दळणारा डोळस होता, मन लावून दळत होता, एक दाणा वाया जाऊ देत नव्हता. थोडा आळशी असता, अर्धवट कुटून दिलं असतं, तर काही दाणे तरी अख्खे पोटात गेले असते.

"याच औषधाची साधी गोळी येते," डॉक्टर म्हणाले. "कवच नाही, दाणे नाहीत, लेप गोळीवरच असतो. न तोडता पाण्याबरोबर गिळायची. तुम्ही नुसतं म्हटलं असतं तर पहिल्याच दिवशी बदलून दिली असती." त्यांचा आवाज चढला होता, तो मधेच उतरला. "मी पण विचारलं नाही. घेताय का, एवढंच विचारत राहिलो. कसं घेताय, ते विचारलं नाही."

ते गेले. बाबा माझ्याकडे वळले. लहानपणी मी पडले तर त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता.

"तिले नोको सांगू पुष्पा."

"नाही सांगत."

"मी सांगीन. पन आता नाही. घरी गेल्यावर."

मी हो म्हटलं. त्या घटकेला त्यांनी माझ्याकडे काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. आयुष्यभर कुणाचं वाकडं न केलेला माणूस, आणि त्याच्या हातून हे. कुणावर तरी ओरडावं असं फार वाटत होतं. प्रेमानंदवर? त्यानं वाचलं ते खरंच होतं. मायवर? डॉक्टरवर? सगळेच आपापल्या जागी बरोबर होते आणि माय मिरचीच्या ढिगावर पडली होती.

दुपारी सिस्टर साधी गोळी घेऊन आली. म्हणाली, रोज संध्याकाळी जेवणाआधी अर्धा तास, आणि सकाळी. तोडायची नाही, चावायची नाही. माय आता बसून होती, केस विंचरून घेतले होते, आणि बरं वाटायला लागल्यावर जे होतं तेच झालं होतं: तिला बोलायला माणूस हवं होतं. शेजारच्या खाटेवर चिखलीकडच्या अन्नपूर्णाबाई होत्या. त्यांनाही तेच दुखणं, तीच जळजळ, नुकतीच सुरू झालेली. उशाशी कॅप्सूलची पट्टी. मायनं ती पट्टी ओळखली.

"बाई, हे तशीच गिळता का?"

"हाव. काऊन?"

"गिळू नोका." माय खाटेच्या कडेला सरकली. "वरचं टरफल चांगलं नसते. अन् आतलं बी तसंच नाही घ्याचं. कुटून घ्याचं, बारीक, तूप-साखरेत. आमच्या मालकानं मले रोज कुटून देल्लं, सकाळी उठून. मी आज दिसून राह्यली ते ह्याईच्या हातानं. डॉक्टरनं काय केलं? आखरीले येऊन सुई टोचली. एवढे महिने जीव धरून कोनं ठेवला?" आणि मग ती बाबांकडे वळून, नव्या नवरीसारखी लाजत म्हणाली, "ह्याईलेच इचारा कसं कुटाचं."

माझ्या आईनं माझ्या बापाचं कौतुक चारचौघांत केल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. चार मिरच्यांवरून भांडणारी बाई ती. आज केलं.

अन्नपूर्णाबाईंनी पट्टीतून एक कॅप्सूल काढली आणि तळहातावर ठेवून हात पुढं केला. "दाखवा बरं भाऊ. माही सून तं नुसती फेकून देते पुढं, अन् म्हनते गिळा."

बाबा खाटांच्या मधे उभे. एका बाजूला तो तळहात, दुसऱ्या बाजूला माय, तोंडभर हसू घेऊन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सांगता आलं असतं. मी अन्नपूर्णाबाईंना बाहेर बोलावून हळूच सांगू शकले असते, मायला पत्ता लागला नसता. हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मी नुसती उभी राहिले.

"बाई," बाबा म्हणाले, "कुटू नोका."

"काऊन?" हे मायनं विचारलं.

बाबा अन्नपूर्णाबाईंकडेच बघत राहिले. मायकडे बघायची त्यांची छाती होईना. "कुटलं का औषध मरते. पोटात जाऊन काहीच करत नाही. हिले मी कुटूनच देल्लं. म्हनून हिचं असं झालं. डॉक्टर सकाळी सांगून गेले. तुमी तशीच घ्या. नाही तं साध्या गोळ्या मागून घ्या, त्याच्यावर टरफल नसते."

अन्नपूर्णाबाईंनी हात मागं घेतला. त्या कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडल्या. चांगली बाई होती.

मायचं हसू लगेच गेलं नाही. ते तिच्या तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं, आणि मग ती पदराशी चाळा करत बसली. बाबा तिच्या पायथ्याशी स्टुलावर बसले. मी संत्रं सोललं, कुणी खाल्लं नाही. सिस्टर येऊन ताप बघून गेली. दोघं बोलतील, भांडतील, माय रडेल, काहीतरी होईल म्हणून मी वाट बघत राहिले. भांडणं तर यांची रोजची.

संध्याकाळी गोळीची वेळ झाली. बाबा उठले. हात साबण लावून धुतले, रुमालाला कोरडे पुसले. गोळी पट्टीतून काढली, अख्खी आहे ना ते उजेडात धरून पाहिलं. एका हातात गोळी आणि एका हातात पाण्याचा गिलास घेऊन ते तिच्यापुढं उभे राहिले.

मायनं गोळीकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. तिनं हात पुढं केला नाही.

"राग नाही आला मले," ती म्हणाली. आवाज साधा होता, रोजच्यासारखा. "तुमी काय जानून केलं का? मलेच नोको होतं टरफल. मले समजते सगळं."

"मंग घे ना," बाबा म्हणाले.

तिनं तोंड उघडलं. मी पाहिलं, खरंच उघडलं होतं. मग मिटून घेतलं आणि मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या.

"नाही घेववत हो तुमच्या हातानं. काय करू? मी लय मनाले सांगून राह्यली, पन नाही घेववत." आणि मग माझ्याकडे, "पुष्पे, तू दे."

बाबा तसेच उभे राहिले. मला दोघांपैकी कुणाचीही बाजू घेता येईना, आणि गोळीची वेळ तर टळून चालली होती. मी हात पुढं केला. बाबांनी आधी गोळी माझ्या तळहातावर ठेवली, मग गिलास दिला, आणि मायला नीट बसता यावं म्हणून तिच्या पाठीमागची उशी सरळ केली.